पाय पोचतील अशी गाडी

हमीद, तुला माती देऊन आल्यावर मी कामावर गेलो, तर कंपनीच्या बसमध्ये जाधव शेजारी येऊन बसला. आमच्या प्लांटवरचा तोच जाधव, ज्याच्या शंभर सीसीच्या गाडीला तू 'शेळी' म्हणून नाव ठेवलं होतंस. बिचाऱ्यानं आधी तुझ्याबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, मग घसा खाकरून म्हणाला, "दिनूशेठ, माझ्या गाडीचं काय करताय, घेताय का? रविवारपर्यंत सांगा. दुसरा एक जण मागं लागलाय." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कोणती गाडी घ्यायची हा तुझा-माझा वाद होता, आणि तू तो अर्धा टाकून उठून गेलास. असं कोणी करतं का? पत्त्यांचा डाव टाकून उठणारा माणूससुद्धा जाताना हातातली पानं दाखवून जातो.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात. बाजारात दोघे-तिघे भेटले, म्हणाले, हमीदभाई म्हणजे देवमाणूस. मी मान डोलावली. देवमाणूस कसला? भांडकुदळ होतास. चहा थंड झाला तरी भांडायचास, तोंडात बोंबलाचा तुकडा असला तरी भांडायचास. माझ्या आयुष्यात नीट भांडायला एकच माणूस होता. घरी सुनंदा तर आता भांडतही नाही, "तुम्हाला काय पाहिजे ते करा" म्हणते आणि भाजी चिरायला बसते.

मला अजून ती कॅसेट आठवते. गल्फमधली वीस वर्षं ट्रेलरवर काढून तू कायमचा दासगावला परत आलास, तेव्हा बॅगेतून सगळ्यांसाठी अत्तरं आणि ब्लँकेटं निघाली, आणि माझ्यासाठी निघाली एक व्हिडिओ कॅसेट. "दिन्या, बस हितं. हे बघितलं नाय तर तू काय बघितलं नाय." आम्ही सगळे बसलो. मला वाटलं, काहीतरी धावाधाव असेल, शर्यत असेल. तर पडद्यावर एक गोरा माणूस मोटारसायकलच्या पायदांड्यांवर उभा, आणि घराएवढ्या धोंड्यांवरून गोगलगायीच्या चालीनं चाललेला. आजूबाजूला लोक श्वास रोखून उभे. कोणी घड्याळ लावत नव्हतं. सगळ्यांचे डोळे फक्त त्याच्या पायांवर.

"ट्रायल्स म्हणतात ह्याला," तू म्हणालास. "पळायचं नाय. फकस्त पाय टेकायचा नाय. पाय जमिनीला लागला की गेला मार्क."

सुनंदा म्हणाली, "एवढंच हळू जायचं तर माणूस चालत का जात नाही?" आणि तुझी रुकैया ट्रे घेऊन येता येता म्हणाली, "पेट्रोल जाळल्याशिवाय ह्यांना चालल्यासारखं वाटत नाय, भाभी." दोघी हसून हसून बेजार झाल्या. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. माझा गुडघा दाबून धरलास आणि हळूच म्हणालास, "आरं, हे आपण करायचो की. पोलादपूरच्या वर, नदीत. आपल्याला फकस्त नाव ठाऊक नव्हतं."

खरंच होतं ते. तुझ्या मामूची राजदूत, उन्हाळ्यात आटलेलं सावित्रीचं पात्र, आणि आपण दोघे शाळा सुटलेले, नोकरी न लागलेले. या धोंड्यावरून त्या धोंड्यावर. पडलो तर पाणी नाही, नुसता गोटा. मामू काठावरून ओरडायचे, "गाडी मोडा, पण हाडं मोडू नका, तुमच्या आयांना काय सांगू?" मग तू विमानात बसलास आणि मी औद्योगिक वसाहतीत लागलो. कंपनीची बस घराच्या कोपऱ्यावर येते, तिथून बसलं की थेट गेटवर उतरायचं. गाडीची गरजच उरली नाही. लग्न झालं, मुली झाल्या, पोट आलं. बाजारात कोणी गाडीवरून सोडलं तर मी मागं बसून कॅरिअर घट्ट धरायचो. गाडी चालवत नाही याचं वाईट वाटायचंही बंद झालं होतं, आणि तू ती कॅसेट आणलीस.

त्यानंतर तू माझ्या मागंच लागलास. तुझ्याकडे मामूंनी नंतर घेतलेली जुनी बुलेट आली होती. तिचे मडगार्ड काढलेस, सायलेन्सर वर वळवून घेतलास, मागं चेनचं मोठं स्प्रॉकेट बसवलंस, मागचे शॉकअप बदलून उंच लावलेस. गाडी चालू केली की ढग ढग ढग असा आवाज, आणि पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं गेली तरी इंजिन मरायचं नाही. "बघ, कशी चालते!" म्हणायचास. चालायची झकास, ते मी कबूल करतो. पण मी तिच्यावर बसलो की एका बाजूला बोटं टेकायची आणि दुसऱ्या बाजूला पाय हवेत. तू ताडमाड, मी आखूड. आणि ती गाडी म्हणजे रेडा. कलली की संपलं.

म्हणून मी म्हणत होतो, मला हलकी पाहिजे, बुटकी पाहिजे. मधे वीस वर्षं गेलीत, हमीद. क्लच कधी सोडायचा हेही विसरलोय. नवशिक्या पोराचं हाड मोडलं तर महिन्यात जुळतं, माझं मोडलं तर घरात दोन मुली आणि एक कर्ता माणूस अंथरुणावर. परत गाडीवर बसणाऱ्यानं पहिल्यांदा काय बघावं? मी म्हणत होतो, पाय पोचतात का ते बघावं. दोन्ही पाय, तळव्यासकट. आधी जीव सांभाळावा, मग इंजिन बघावं.

आणि तू म्हणायचास, "पाय टेकायला गाडी घेतोस का चालवायला? ज्या गाडीवर पाय पोचतात, त्या गाडीवर माणूस टेकतोच. उंच गाडीवर बसलास की आपोआप शिकशील. टेकायला कायच नसलं की माणूस तोल धरतो."

"आणि नाही धरला तर?"

"तर पडंल. पडंल आणि उठंल. पडल्याबिगर कोण शिकलाय?"

पंचायतच होती ही. मी जाधवची शेळी दाखवायचो, तू रेडा पुढं करायचास. ज्या रविवारी माझी शिफ्ट नसेल त्या रविवारी आपण बुलेट घेऊन निघायचो. महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळीच्या रस्त्याला लागून थोडं वर, आणि मग डावीकडे ती वाडीची पाखाडी. दगडी पायऱ्या, मधे माती, मधे ओहोळ. तुझं म्हणणं, असली जागा त्या गोऱ्याला मिळाली असती तर तो रडला असता आनंदानं.

पण तिथं सखूमावशी होती. वाडीवरची म्हातारी, शेळ्या घेऊन पाखाडीच्या मध्यावर बसलेली. त्या वाडीची रीतच आहे, चढणीवर कोणी ओझं घेऊन चाललेला दिसला की जो कोणी जवळ असेल त्यानं हात लावायचा. विचारायचं नाही, ओळख काढायची नाही. आजारी माणसाची डोली असो, धान्याचं पोतं असो, हात लावायचाच. वर रस्ता नाही, मग दुसरं काय करणार? तू पहिल्यांदा त्या मोठ्या वळणावर चढवत होतास, गाडी जरा रखडली, आणि मावशीनं काठी टाकली, पदर खोचला आणि मागून दणकन ढकललं. तिचं बघून गवत कापणारे आणखी दोघे धावले. तू वर पोचलास आणि डोक्याला हात लावून बसलास.

"हात लावू नको, मावशे! हात लावलास की आमी हरलो!"

"हराल तर हराल, पण वाचाल तरी! खाली बघितलंस का किती खोल हाय?"

"आमचा खेळच तसा हाय. हात लावायचा नाय, पाय टेकायचा नाय."

तिनं तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की मला आजही हसू येतं. "हात लावायचा नाय, पाय टेकायचा नाय. मंग माणसानं करायचं काय रं?"

तीन-चार रविवार हेच. तू खालून ओरडत यायचास, "कोणी हात लावणार नाय!" आणि गाडी जरा डगमगली की कोणीतरी धावायचंच. त्यांना थांबणं जमेना, सवयच तशी. शेवटी तू सखूमावशीला तिच्या शेळ्यांची शपथ घातलीस. तेव्हापासून ती आपल्याला बघितलं की दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहायची, ओठ घट्ट मिटून. जणू तिलाच शिक्षा केली होती. तरीही ते वळण तुला एकदाही पाय न टेकता जमलं नाही, हे मी इथं नोंदवून ठेवतो. तू असतास तर म्हणाला असतास, एकदा जमलं होतं. नाही जमलं. तुझी टाच लागली होती, मी बघितली.

शेवटच्या रविवारी तू मला म्हणालास, आता तू चढव. मी बुलेटवर बसलो, एक पाय हवेत, खाली बघितलं आणि उतरलो. म्हटलं, मी जाधवची गाडी घेतो आणि मग चढवतो. आणि तू, उन्हानं लाल झालेला, दमलेला, बोलून गेलास, "तू जल्मभर पाय टेकूनच ऱ्हायलास, दिन्या."

तू गाडीबद्दल बोलत नव्हतास, हे तुलाही कळलं आणि मलाही. फार वर्षांपूर्वी तू मला तिकडून व्हिसा पाठवला होतास. मी आलो नाही. का आलो नाही हे तू कधी विचारलं नाहीस, आणि मी कधी सांगितलं नाही. आता सांगतो, त्यात गुपित काही नव्हतं. मला भीती वाटली, एवढंच. इथं नोकरी होती, आई होती, कोपऱ्यावर बस येत होती. आणि दुसरं म्हणजे, तू दर दोन वर्षांनी यायचास तेव्हा तुझी वाट बघणारं कोणीतरी इथं पाहिजे होतं. हे तुला सांगायला तोंड उघडलं असतं तर तू टर उडवली असतीस, म्हणून राहिलं.

त्या दिवशी उतरताना तू गाडी चालवलीस आणि मी मागं बसलो. महाडला मला सोडलंस, "येतो" म्हणालास, मी "हं" म्हटलं. नेहमी तू गाडी बंद करून वर यायचास, सुनंदाच्या हातचा चहा घ्यायचास. त्या दिवशी नाही आलास. पुढचा रविवार आलाच नाही. पहाटे नमाजाला उठलास आणि बसल्या जागी गेलास, असं तुझ्या मोठ्या भावानं फोनवर सांगितलं. मी त्यांना दोनदा विचारलं, कोण? कोण गेलं? माझा विश्वासच बसेना, अरे, आपलं भांडण मिटायचं होतं.

कबरस्तानात मी तुझ्यावर मूठभर माती टाकली. सगळे दुवा मागत होते, मी तळहात पुढं धरून उभा होतो आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं. वाईट वाटून घेतलं नाही रे मी, असं तुला सांगायचं होतं. खरं सांगायचं तर घेतलं होतं. पण पुढच्या रविवारपर्यंत टिकलं नसतं.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर जाधवच्या घरी गेलो. गाडी पुसून, चकाचक करून ठेवली होती त्यानं. बसलो. दोन्ही पाय तळव्यासकट जमिनीवर. हवी तशी, हलकी, बुटकी. एका किकमध्ये चालू झाली. मी म्हणत होतो तीच गाडी. मी तिच्यावर बसून राहिलो, आणि कोणी 'शेळी' म्हणेना. जाधव म्हणाला, "छान दिसते तुम्हाला." बस्स, मला ते ऐकवेना. उतरलो, म्हटलं, जाधव, तुझ्या त्या दुसऱ्या माणसाला दे. त्याला वाटलं असेल, शेठच्या डोक्यावर परिणाम झालाय. असेलही.

मी ठरवलं, हमीद, की हरायचं. वाद तुझा. रेडा तर रेडा. आपण पडू, पडल्याबिगर कोण शिकलाय. सकाळी उठून एसटीनं दासगावला आलो. रुकैयाभाभींना सांगणार होतो, ती बुलेट मला द्या, मी चालवीन. घरात शिरलो तर नेहमीसारखा तळलेल्या मासळीचा वास नाही, बाहेर चपलांचा ढीग नाही. भाभी नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत बसलेल्या, म्हणून पडद्याआडून बोलल्या. इतकी वर्षं "दिनूभाय, आणखी एक घ्या, तुकडा लहान हाय" म्हणून माझ्या ताटात वाढणारी बाई, आणि आता नुसता आवाज. तो आवाजही खाली गेलेला.

मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "गाडी घेऊन जा, दिनूभाय. तुमचीच हाय. मोठ्या भाईंनी पडवीत ठेवलीय."

मोठ्या भाईंनी गोणपाट काढलं. तीच बुलेट. पण तिच्यात काहीतरी वेगळं दिसत होतं, मला पटकन कळेना. मग कळलं. मागचे उंच शॉकअप गेले होते, जुने परत आले होते. आणि सीट. सीटचा फोम कापून पार चपटा केला होता, वरून नवीन रेक्झिन शिवलेलं. ती तुझ्या मापाची नव्हती रे. तू बसला असतास तर तुझे गुडघे कानाला लागले असते.

"हे कधी?" मी विचारलं.

पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "त्या रविवारी आले ते जेवले नायत. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन महाडला गेले, सीटवाल्याकडं. दिवसभर तिथं बसून करून घेतली. मला बोलले, दिनूला सांगू नको, मी सांगीन. आत्ता सांगितलं तर डोक्यावर बसंल माझ्या."

मी गाडीवर बसलो. दोन्ही पाय पोचले. तळव्यासकट. मोठे भाई शेजारी उभे होते, मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि मला रडू आवरेना. एवढं रडलो की त्यांनी माझा खांदा धरला आणि ते स्वतःच रडायला लागले. मी तुझ्याकडे हरायला आलो होतो, मेल्या. आणि तू आधीच हरून बसला होतास. आता या वादाचं करायचं काय मी? तुझी बाजू मी घेतली, माझी तू घेतलीस, आणि भांडायला समोर कोणी नाही.

गाडी घेऊन घरी आलो. सुनंदानं दारातून बघितलं, आत गेली आणि चहा टाकला. दोन कप आणले तिनं सवयीनं, मग एक तिनंच घेतला.

कालच्या रविवारी पाखाडीला गेलो. एकटा. आंबेनळीच्या रस्त्याला गार वारा होता. टायरची हवा कमी केली, तू करायचास तशी, पायदांड्यांवर उभा राहिलो आणि पहिल्या गिअरमध्ये निघालो. ढग ढग ढग. खरं सांगतो, फार चांगली चालते तुझी गाडी. खालच्या पायऱ्या गेल्या, ओहोळ गेला. पाय टेकला नाही. मला वाटलं, आता तू मागून काहीतरी बोलशील. मोठ्या वळणाच्या खाली सखूमावशी शेळ्यांजवळ उभी. आवाज ऐकूनच तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले होते, ओठ मिटलेले, शपथ पाळत.

वळणावर पुढचं चाक दगडाला अडलं. गाडी रखडली, बाहेरच्या बाजूला कलायला लागली. पाय खाली गेला, आणि पोचला. तू केलेल्या सीटवरून पोचला. पण रेडा तो रेडाच, पेलवेना. मी तसाच अडकून उभा, ब्रेक दाबून, एक पाय मातीत.

मावशी दोन पावलं पुढं आली आणि थांबली. हात पदरातच. माझ्या मागं खाली पाखाडीवर बघितलं तिनं, पार खालपर्यंत.

"दुसरा दादा कुठं हाय?"

मला सांगता येईना, हमीद. एवढी सगळी भांडणं केली तुझ्याशी, आणि एक साधं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेना. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, "हात लाव गो, मावशे."

तिनं पदरातून हात काढले.